आई-बाबा अमेरिकेत येताहेत: प्रीपेड सिम कोणतं घ्यायचं?

अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गोळ्यांची डबी सात खणांची आहे, रविवार ते शनिवार. मागच्या उन्हाळ्यात ते आणि आई सहा महिन्यांसाठी शिकागोला आमच्याकडे आले. पहिल्याच शनिवारी डबी उघडली, तर आत गोळ्यांऐवजी कॅलेंडरच्या कागदात घडी घालून ठेवलेलं त्यांचं भारतातलं सिम! "विमानातच काढून ठेवलं, हरवायला नको," अप्पा म्हणाले. त्याच रात्री बँकेच्या मुदतठेवीसाठी ओटीपी हवा होता, आणि तो यायचा होता नेमका त्या डबीतल्या सिमवर.

दर एप्रिल-मेमध्ये ओळखीतल्या कुणाचे ना कुणाचे आई-बाबा यायचे असतात, आणि ऑगस्टमध्ये एमएस करायला आलेली पोरं असतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, "स्वस्तातला प्लॅन कुठला?" मी म्हणते, तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी घर, मग हातातला फोन, मग भारतातलं सिम, आणि मग प्लॅन. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात. मी स्वतः दोनदा घालवलेत.

प्रीपेडच का?

अमेरिकेत पूर्वी फोन म्हटला की दोन वर्षांचा करार ठरलेला. मध्येच सोडला तर दंड. २०१३ मध्ये टी-मोबाइलने ते करार बंद केले आणि पुढच्या तीन वर्षांत व्हेरायझन आणि एटी अँड टी यांनीही. करार गेला, पण हप्ते आले. "नवा फोन फुकट" अशी पाटी दिसते तेव्हा त्या फोनची किंमत २४ किंवा ३६ महिन्यांवर पसरलेली असते आणि दर महिन्याच्या बिलातून तेवढी सूट मिळते. मध्येच कंपनी सोडली की उरलेली सूट बंद आणि उरलेले हप्ते तुमच्या गळ्यात.

सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला यातलं काहीही नको आहे. शिवाय पोस्टपेडसाठी बहुतेक ठिकाणी क्रेडिट, म्हणजे आधीची उधारी वेळेवर फेडली का, ते तपासतात, सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) मागतात. पाहुण्यांकडे तो नसतो आणि नव्या विद्यार्थ्याचा क्रेडिट इतिहास कोरा असतो. प्रीपेडमध्ये आधी पैसे, मग सेवा. आवडलं नाही तर पुढच्या महिन्याचं रिचार्ज करायचं नाही, विषय संपला.

माझ्या नवऱ्याने एकदा दुकानातल्या विक्रेत्याच्या आग्रहाला बळी पडून आईंसाठी आमच्याच पोस्टपेड खात्यावर एक जादा लाइन घेतली होती. "चौथी लाइन जवळजवळ फुकटच आहे, सर." आई परत गेल्यावर ती लाइन बंद करायला दोन फोन आणि एक चक्कर लागली, आणि बंद केल्यावर उरलेल्या तिघांचा दरच बदलला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण आमच्या ओळखीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या अशाच कहाण्या ऐकल्या आहेत.

पहिली पायरी: ज्या खोलीत राहणार, तिथे उभं राहून बघा

दुकानात आणि जाहिरातीत पंचवीस-तीस नावं दिसतात, पण देशभर पसरलेली मोठी नेटवर्क तीनच: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. बाकीचे बहुतेक ब्रँड यांच्याच टॉवरवर भाड्याने चालतात, किंवा यांच्याच मालकीचे असतात. मिंट, टेलो आणि मेट्रो टी-मोबाइलवर. व्हिसिबल आणि स्ट्रेट टॉक व्हेरायझनवर. क्रिकेट एटी अँड टीवर. यूएस मोबाइल तिन्हीपैकी कुठलंही निवडायची मुभा देतं. म्हणजे "मिंट चांगलं की टेलो?" हा वाद रेंजच्या दृष्टीने निरर्थक आहे, टॉवर तेच.

मग तीनपैकी कोणतं? एफसीसी, म्हणजे इथलं दूरसंचार नियामक मंडळ, एक नकाशा ऑनलाइन ठेवतं. त्यात घराचा पत्ता टाकला की कुठल्या कंपनीची सेवा तिथे पोहोचते ते दिसतं. पण नकाशा घराबाहेरचं सांगतो. आमच्याकडे पाहुण्यांची खोली बेसमेंटमध्ये आहे. वर स्वयंपाकघरात चार कांड्या, आणि जिन्याच्या सातव्या पायरीवर रेंज गायब. म्हणून सोपा उपाय करा: वेगवेगळ्या नेटवर्कवरच्या मित्रांना जेवायला बोलवा आणि त्यांचे फोन घेऊन पाहुण्यांच्या खोलीत जा. वाय-फाय बंद करून एक कॉल लावा. मी हे खरोखर केलंय. पुरणपोळीच्या बदल्यात तीन नेटवर्कची चाचणी.

मित्र नसतील तर व्हिसिबल, क्रिकेट अशा काही कंपन्या ई-सिमवर, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणाऱ्या सिमवर, काही दिवसांची फुकट चाचणी देतात. तुमच्या फोनमध्ये ई-सिमची सोय असेल आणि फोन अनलॉक असेल, म्हणजे कुठल्या एका कंपनीला बांधलेला नसेल, तर अर्ध्या तासात काम होतं.

आई-बाबा दिवसभर कुठे असतील तेही डोळ्यांपुढे आणा. घर, मंदिर, ग्रंथालय, जवळचं पार्क. यलोस्टोनला चार दिवस जाणार म्हणून सहा महिन्यांचं नेटवर्क निवडू नका. राष्ट्रीय उद्यानांत कुणाचंच नेटवर्क धड नसतं, तिथे नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवलेला बरा.

दुसरी पायरी: हातातला फोन चालेल का?

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सावकाश.

२०२२ मध्ये अमेरिकेतली तिन्ही नेटवर्कची थ्रीजी सेवा बंद झाली. आता साधा कॉलही फोरजी-फाइव्हजीवरूनच जातो, त्याला व्होल्टे, म्हणजे फोरजीवरून कॉल करायची सोय, लागतं. फोनमध्ये व्होल्टे असणं वेगळं आणि त्या कंपनीच्या नेटवर्कवर ते चालू होणं वेगळं. भारतात घेतलेल्या फोनची गंमत अशी होते की सिम टाकलं, नेट सुरू झालं, यूट्यूबवर कीर्तन लागलं, सगळे खूश. आणि दोन दिवसांनी लक्षात येतं की कॉल लागतच नाही.

त्यावर एटी अँड टी तर आपल्या मान्य यादीतल्या मॉडेलनाच नेटवर्कवर घेतं. भारतीय बाजारासाठी बनलेले बरेच अँड्रॉइड फोन त्या यादीत नसतात. फोन उत्तम असेल, तीस हजारांचा असेल, तरी नाही म्हणजे नाही. तीच गोष्ट त्यांच्या टॉवरवर चालणाऱ्या ब्रँडची. टी-मोबाइल याबाबत जास्त उदार आहे, म्हणून भारतातून आणलेल्या अँड्रॉइडसाठी मी आधी त्या नेटवर्कवरचे ब्रँड बघते.

तपासायचं कसं? फोनवर *#०६# डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. दोन सिमच्या फोनला दोन दिसतील, दोन्ही उतरवून घ्या. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर "आपला फोन आणा" अशा अर्थाचं पान असतं, तिथे हा नंबर टाकला की उत्तर मिळतं. हे काम आई-बाबा भारतात असतानाच करायचं आहे. व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट मागवा. अप्पांनी मला स्क्रीनशॉटऐवजी दुसऱ्या फोनने काढलेला फोटो पाठवला होता, त्यात एक आकडा त्यांच्या अंगठ्याखाली गेला होता. तरी चाललं, पुन्हा मागवला.

फोनचं मॉडेल जुनं किंवा अनोळखी असेल तर बँडही, म्हणजे फोन कुठल्या रेडिओ लहरी पकडतो तेही, बघा. टी-मोबाइलचा लांब पोहोचणारा आणि भिंतीतून आत शिरणारा बँड ७१ आहे, व्हेरायझनचा १३. भारतात यांची गरज नसल्यामुळे तिथल्या कमी किमतीच्या फोनमध्ये ते बऱ्याचदा नसतात. मग शहरात ठीक चालतं, पण घराच्या आत किंवा गावाबाहेर रेंज पडते. आयफोनला आणि सॅमसंगच्या वरच्या किमतीतल्या फोनना सहसा ही अडचण येत नाही.

तिसरी गोष्ट लॉकची. भारतात फोन बहुधा अनलॉकच मिळतो, त्यामुळे आपल्याला त्याची सवय नाही. अमेरिकेत कंपनीच्या दुकानातून स्वस्तात घेतलेला प्रीपेड फोन त्या कंपनीला बांधलेला असतो. मुलाचा जुना फोन आईला द्यायचा बेत असेल तर तो पूर्ण फेडलेला आणि अनलॉक केलेला आहे ना, हे आधी पाहा.

आणि हो, तो जुना फोन अमेरिकेत घेतलेला आयफोन १४ किंवा त्यानंतरचा असेल तर त्यात सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. आईंचं भारतातलं प्लास्टिकचं सिम त्यात बसणार नाही. ते भारतात असतानाच ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागेल. इथे आल्यावर हा उद्योग करायचा म्हणजे पुन्हा ओटीपी, पुन्हा रात्रीचे जागरण.

तिसरी पायरी: भारतातलं सिम जिवंत ठेवा

गोळ्यांच्या डबीकडे परत येऊ. भारतातला नंबर सहा महिने चालू राहिला पाहिजे, कारण बँक, आधार, डीमॅट, गॅसबुकिंग, सगळं त्याच्यावर टांगलेलं असतं.

निघण्यापूर्वी सहा महिने पुरेल एवढ्या मुदतीचं रिचार्ज करा. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल-एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी हे पॅक बरे. मग त्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. रोमिंगमध्ये आलेला एसएमएस साधारणपणे फुकट असतो, पण आपल्या पॅकला ते लागू आहे ना, हे कंपनीच्या अॅपमध्ये पाहून घ्या.

इथे उतरल्यावर भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या, दुसऱ्या जागेत अमेरिकेचं. सेटिंगमध्ये मोबाइल डेटा अमेरिकेच्या सिमवर, आणि भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद. भारतीय नंबरवर कॉल आला तर उचलायचा नाही. रोमिंग पॅक नसेल तर उचललेल्या कॉलचेही पैसे पडतात, तेही सणसणीत. अप्पांना मी सांगितलं, "घंटी वाजू द्या, मग व्हॉट्सअॅपवर उलटा फोन करा." तरी गॅस एजन्सीचा फोन त्यांनी उचललाच.

आणखी एक. नवं सिम टाकल्यावर व्हॉट्सअॅप विचारेल, नंबर बदलायचा का? नाही म्हणा. जुन्याच नंबरवर व्हॉट्सअॅप नीट चालतं. नाहीतर सगळ्या ग्रुपमध्ये "नंबर बदलला" असा निरोप जातो आणि सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर खुलासे करत बसावं लागतं.

चौथी पायरी: आता प्लॅन

भारतातल्या प्लॅनची आपल्याला सवय असते रोज दीड जीबी, रोज दोन जीबीची. रात्री बारा वाजले की नवा कोटा. इथे जीबी महिन्याचे असतात. "५ जीबी" म्हणजे महिन्याला पाच. हे वाक्य आई-बाबांना दोनदा सांगा. बसमध्ये बसून क्रिकेटचा सामना बघितला तर पाच जीबी दोन-तीन दिवसांत संपतात.

त्याउलट खरी गरज बरीच कमी असते. घरात वाय-फाय असतं. बाहेर पडल्यावर नकाशा, व्हॉट्सअॅप, एखादा व्हिडिओ कॉल. तोही तासाला काहीशे एमबी खातो. त्यांच्या भारतातल्या फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या महिन्यात किती मोबाइल डेटा गेला ते दिसतं, पण भारतात घरी वाय-फाय नसेल तर तो आकडा फुगलेला असणार. आमच्या आई-अप्पांना प्रत्येकी दोन जीबी पुरले आणि उरले. एवढ्यासाठी महिन्याला दहा-पंधरा डॉलरच्या वर जाण्याची गरज नाही.

"अनलिमिटेड" या शब्दावर मात्र थांबून वाचा. बहुतेक वेळा ठरावीक जीबीपर्यंत पूर्ण वेग, पुढे इतका संथ की चित्र उमटेपर्यंत चहा होतो. हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा असते, व्हिडिओ बऱ्याचदा कमी दर्जाचा दाखवतात. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत नसते: गर्दीच्या वेळी टॉवरवर आधी मालकाची गिऱ्हाइकं, मग भाड्याच्या ब्रँडची. विहीर ज्याची, त्याचा पोहरा आधी. एरवी कळतही नाही. गणपतीच्या कार्यक्रमाला हजार माणसं एका सभागृहात जमली की कळतं. रोज त्याच गर्दीत काम करणाऱ्या माणसाने थोडे जास्त पैसे देऊन प्राधान्य असलेला प्लॅन घ्यावा. आई-बाबांना गरज नाही.

मिनिटांचे प्लॅन घेणार असाल तर लक्षात ठेवा, अमेरिकेत आलेल्या कॉलचीही मिनिटं कापली जातात. भारतात २००३ पासून इनकमिंग फुकट आहे, त्यामुळे हे आपल्या डोक्यात येतच नाही. इथे जाहिरातींचे आणि फसवणुकीचे कॉल एवढे येतात की शंभर मिनिटं त्यातच जातील. अमर्याद कॉलचा प्लॅन दोन-चार डॉलरच महाग असतो, तोच घ्या.

किमतीत आणखी एक खोच आहे. "महिना १५ डॉलर" लिहिलेलं असतं, पण भरायचे असतात तीन महिन्यांचे एकदम, आणि तो दर फक्त पहिल्या तीन महिन्यांचा. चौथ्या महिन्यापासून तेवढाच दर हवा असेल तर वर्षाचे पैसे एकदम भरा, म्हणतात. सहा महिन्यांच्या पाहुण्यांसाठी माझा हिशोब असा: पहिले तीन महिने त्या सवलतीत काढा, पुढे दरमहा रिचार्जचा दुसरा ब्रँड घ्या किंवा तिथेच जरा जास्त द्या. वर्षाचे पैसे मुळीच भरू नका. कर वेगळे लागतात की किमतीतच धरलेत तेही बघा. आमच्या इलिनॉयमध्ये मोबाइलवरचे कर देशात सर्वांत चढ्यांपैकी आहेत.

हे सगळं शोधायला जाहिरात वाचू नका. २०२४ पासून प्रत्येक प्लॅनसोबत एक ठरावीक नमुन्याचा तक्ता दाखवणं कंपन्यांना सक्तीचं आहे, खाण्याच्या पाकिटावर पोषणाचा असतो तसाच दिसणारा. मूळ दर, तो तात्पुरता आहे का, जादा शुल्क, वेग, किती डेटा, सगळं त्यात असतं. मी थेट तोच उघडते.

पाचवी पायरी: घेणं आणि चालू करणं

विमानतळावर घेऊ नका, महाग पडतं. प्रवाशांसाठी मिळणारी नुसत्या डेटाची ई-सिम दहा दिवसांच्या सहलीला ठीक, पण त्यात फोन नंबर नसतो, आणि डॉक्टर, औषधांचं दुकान, टॅक्सीवाला सगळ्यांना नंबर लागतो. सिम आधीच घरी मागवून ठेवा, किंवा वॉलमार्ट, टार्गेटमध्ये मिळतं. भारतातलं कार्ड कधीकधी इथल्या पत्त्याशी जुळत नाही म्हणून नाकारलं जातं. मुलांनी आपल्या कार्डाने भरावं. सिम आई-बाबा आल्यावरच चालू करा, तोवर दिवस फुकट जायला नकोत.

चालू झाल्यावर लगेच वाय-फाय कॉलिंग सुरू करा. बेसमेंटचा प्रश्न त्यानेच सुटतो. भारतातल्या काही अँड्रॉइडमध्ये तो पर्यायच दिसत नाही, तेव्हा पहिल्या पायरीवर नेटवर्क नीट निवडल्याचा उपयोग होतो. सुरू करताना आणीबाणीचा पत्ता विचारतात. घाईत "नंतर" दाबू नका. ९११ला वाय-फायवरून फोन गेला तर मदत त्याच पत्त्यावर येते. ९११ रिचार्ज संपलेल्या फोनवरूनही लागतो, हे अप्पांना सांगून ठेवलंय, आणि फ्रिजवर घराचा पूर्ण पत्ता मराठीत लिहून चिकटवलाय.

नंबर दुसऱ्या कुणाचा जुना असू शकतो. आईंना पहिला महिनाभर कुणा भलत्याच्या कर्जाच्या वसुलीचे फोन येत होते. ब्लॉक केले. फार झालं तर कंपनीला सांगून नंबर बदलून मिळतो.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

तुमचा अमेरिकेतला नंबर बँक, विद्यापीठ, घरमालक सगळीकडे जाणार, त्यामुळे ब्रँड बदलला तरी नंबर ठेवा. पोर्ट करताना जुन्या कंपनीकडून खाते क्रमांक आणि ट्रान्स्फर पिन घ्या, आणि पोर्ट पूर्ण होईपर्यंत जुनं रिचार्ज चालू ठेवा. माझ्या भाच्याने पैसे वाचवायला आधी जुनी सेवा बंद केली, मग पोर्ट करायला गेला. बंद खात्याचा नंबर पोर्ट होत नाही. तो नंबर परत मिळाला नाही, आणि बँकेच्या खात्यातला नंबर बदलायला पुन्हा शाखेत रांग.

डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जाणार असाल तर त्याआधी स्वस्तातल्या स्वस्त प्लॅनवर या. टेलोसारख्या ब्रँडमध्ये काही डॉलरांत नंबर जिवंत राहतो. वाय-फाय कॉलिंग इथे असतानाच चालू करून पाहा; मग पुण्याच्या घरातल्या वाय-फायवरही अमेरिकेच्या बँकेचे मेसेज बहुधा येतात.

परत जाताना

विमानाच्या आठवडाभर आधी ऑटो-रिचार्ज बंद करा. त्याआधी डॉक्टर, औषधांचं दुकान आणि टॅक्सीच्या अॅपमधून तो नंबर काढून मुलांचा घाला, कारण काही महिन्यांनी तो दुसऱ्याच कुणाला मिळेल. अमेरिकेचं सिम फोनमधून इथेच काढा. आमच्याकडे ते काम मीच केलं, आणि सिम कचऱ्याच्या डब्यात टाकताना अप्पा म्हणाले, "अगं, राहू दे की, पुढच्या वेळी लागेल." डबीतला शनिवारचा खण रिकामाच होता.